उलट्या घडीचा नीरफणस

५ जानेवारी, रविवार

हॉटेल बंद झालं तेव्हा ज्याला जे उचलता आलं ते त्याने उचललं. सोलोमोना म्हणाला, इस्त्री आण, टॉवेल आण. मी ही कोरी वही आणली. एकोणतीस वर्षं धुलाईखान्यात परक्यांच्या चादरींच्या घड्या घातल्या, आता निदान एक वही तरी माझी असू दे.

आज लिहायला बसले, कारण डोकं तापलंय आणि सोलोमोना जाळं घेऊन समुद्रावर पळालाय. नवरा हुशार आहे. माझा आवाज चढला की त्याला मासे आठवतात.

झालं असं. प्रार्थना संपून लोक बाहेर पडत होते आणि कपेकाआंटीने मला दारातच अडवलं. वय त्र्याऐंशी, पण आवाज अजून शिट्टीसारखा. म्हणाली, "एमालिया, नोव्हेंबरात चर्चला दीडशे वर्षं होतायत. तेवीस घराणी, भिंतीवर तेवीस खुंट्या. बावीस गोधड्या लागतील. तुमची खुंटी एक्कावन्न वर्षं बोडकी आहे. समितीचं ठरलंय, या वेळीही रिकामी राहिली तर ती नव्या लोकांना द्यायची."

"कुठल्या नव्या लोकांना?"

"आहेत की. ज्यांना सुईत दोरा ओवता येतो असे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं, "नोव्हेंबरात बघा मग." म्हटलं आणि तरातरा निघून आले. घरी येईपर्यंत लक्षात आलं की आपल्याला खरंच सुईत दोरा ओवता येत नाही. चष्मा लावूनसुद्धा.

७ जानेवारी

पलानीचा लास वेगासहून फोन. धाकटा भाऊ असून मोठ्यासारखा बोलतो.

"ताई, तू गोधडी करणार? तू माझ्या शर्टाचं बटण लावलंस तर ते तिसऱ्या दिवशी अळूकंदाच्या पोईच्या वाडग्यात सापडायचं."

"हस तू."

"अगं, फॅक्टरीत छापलेल्या मिळतात. हुबेहूब नीरफणस. मी पाठवतो. कुणाला कळणार आहे?"

"देवाला नाही कळणार कदाचित. कपेकाला कळेल."

यावर त्याने फॅक्टरीचा विषय सोडला. त्यालाही कपेका माहीत आहे.

पण फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. आम्ही आठ भावंडं. दोघं गेले, पाच जण समुद्रापलीकडे मोठ्या देशात, कारण इथे बेटावर घर घेणं कुणाला परवडत नाही. या किनाऱ्यावर आमच्या नावाची मी एकटी उरले. खुंटी गेली की आमचं नाव इथे फक्त थडग्यांवर राहील. हे पलानीला कसं सांगणार? तो म्हणाला असता, मग तूही ये वेगासला.

११ जानेवारी

आमची गोधडी होती. आजीची. आजीला आम्ही तुतू म्हणायचो. पांढऱ्यावर हिरवा नीरफणस, पानं एवढी मोठी की हिवाळ्यात आम्ही चौघं एकेका पानाखाली झोपायचो. तुतू गेली आणि रीतीप्रमाणे गोधडी तिच्यामागून जाळली. त्याला कुणाची हरकत नव्हती. माणूस गेलं की त्याचं पांघरूण त्याच्याबरोबर जातं.

पण कागदी नमुना कुठे गेला? आईने पेट्या उलट्यापालट्या केल्या, मिळाला नाही. पुढच्याच वर्षी कपेकाच्या खुंटीवर नवी गोधडी लागली. तीच पानं, तीच फळं. आमच्या बोडक्या खुंटीच्या अगदी शेजारी! इथे कुणाची होडी न विचारता नेली तरी दोन शिव्यांवर भागतं, पण नमुना म्हणजे घराण्याचा चेहरा. आई मरेपर्यंत तिला चोर म्हणाली आणि तिच्याशी एक शब्द बोलली नाही. मग आई गेली आणि ते न बोलणं वारशाने माझ्याकडे आलं.

मला नवल याचं वाटतं की तुतूचं आणि कपेकाचं तर चांगलं होतं. मी दहाएक वर्षांची असताना तुतूने एकदा वर्तमानपत्राचं भेंडोळं माझ्या हातात देऊन मला तिच्याकडे पिटाळलं होतं. "वाटेत उघडायचं नाही, वाकवायचं नाही." मासे असणार. वास कसा येत नव्हता देव जाणे. तशा मैत्रिणीच्या घरी चोरी करायची म्हणजे हद्द झाली.

२० जानेवारी

कापड आणलं. हिरवं आणि पांढरं, दोन्ही अखंड. अंगणातल्या तुतूच्या नीरफणसाखाली बसून पानं काढतेय. पहिली गोधडी नीरफणसाचीच करायची असते, म्हणजे घरात खायला कधी कमी पडत नाही. तुतू याच झाडाखाली उभी राहून आम्हा आठ जणांना जेवायला हाक मारायची. एका दमात आठ नावं. मधे श्वास घेतलेला मी कधी ऐकला नाही. ज्याचं नाव शेवटी यायचं तो चिडायचा.

कपेका फाटकापाशी आली होती. म्हणे सहज चालले होते. गेली पन्नास वर्षं ती या रस्त्याने सहज चाललेली मी तरी पाहिली नाही. माझं चित्र बघून म्हणाली, "ही पानं आहेत की बदकाचे पाय? खाच आणखी खोल घे. देठ घडीवर येऊ दे, नाहीतर पस्तावशील." आणि गेली. खोचक बाई. खाच मात्र मी खोल केली. बरी दिसतेय.

२ फेब्रुवारी, रविवार

रविवारी कात्री हातात घेऊ नये असं तुतू म्हणायची. ऐकायला हवं होतं.

सगळं बरोबर चाललं होतं. कापडाची अर्धी घडी, पुन्हा अर्धी, मग तिरकी. आठ थर. एकदाच कापायचं आणि उघडलं की आठ पानं मधोमध देठाने जोडलेली, अख्खं एक झाड. आम्ही ती घडी जमिनीवर घातली. मग माझी कंबर धरली म्हणून मी सोलोमोनाला म्हटलं, हे टेबलावर घेऊ या. उचललं, ठेवलं आणि ठेवताना माझ्या हातांनी आपली सवयीची हॉटेलची घडी बसवली. घडीची बाजू पलीकडे, मोकळी कड आपल्याकडे. एकोणतीस वर्षं हेच केलं. डोक्याला पत्ताच नाही.

देठ घडीवर यायला हवा होता. तो आला मोकळ्या कडेवर. मी कचाकचा कापलं. शेवटच्या वळणाला तर मी गाणं म्हणत होते.

उघडलं आणि टेबलावर आठ सुटी पानं पडली. एकालाही दुसरं चिकटलेलं नाही. सोलोमोना एक पान उचलून म्हणाला, "छान आहेत. पण झाड कुठे गेलं?"

मी त्याला बाहेर काढलं. मग मीही बाहेर जाऊन रडले.

३ फेब्रुवारी

वाईट बातमीला पाय असतात. कपेका सकाळी आठला हजर. मी कापड झाकायच्या आत तिने पाहिलं आणि अशी हसली, अशी हसली की मला तिला खुर्ची द्यावी लागली.

"अगं, पाद्र्यांच्या बायका गलबतातून आल्या," डोळे पुसत म्हणाली, "आणि आपल्या पणज्यांना सांगायला लागल्या, हे चांगलं कापड घ्या, त्याचे तुकडे करा आणि परत जोडा. पणज्या म्हणाल्या, या बायका वेड्या आहेत का? अख्खं कापड फाडून परत शिवायचं? म्हणून तर आपण आपली रीत काढली. आणि दोनशे वर्षांनी त्या गोऱ्या बायकांचा शब्द राखला कुणी? एमालियाने!"

"झालं हसून? मी दुसरं कापड आणते."

ती एकदम थांबली. "नाही आणायचं. कात्री लावलेलं कापड टाकायचं नसतं. तुझ्या आजीचा नियम आहे. हेच पुरं कर."

"आठ तुकड्यांचं काय करू?"

"ते मला काय विचारतेस? मी थोडीच कापले?"

गेली. तिचा डाव माझ्या लक्षात आला नाही असं नाही. हे भिजतं घोंगडं नोव्हेंबरपर्यंत माझ्या गळ्यात राहावं आणि खुंटी हातची जावी.

२३ फेब्रुवारी

तीन आठवडे कापडाला हात लावला नाही. आज चर्चमध्ये पाद्रीबुवांना गाठून विचारलं की समितीने थोडी मुदत वाढवून दिली तर? ते गोंधळले. "कसली मुदत? खुंटी काढून घ्यायची? असं कधी ठरलं?" मागे उभ्या कपेकाने खोकला काढला. पाद्रीबुवा तिच्याकडे बघून म्हणाले, "अं, हो. ठरलं असेल." चाळिशीही नाही माणसाची आणि एवढा विसरभोळा. देव त्यांना सांभाळो.

म्हणजे मुदत वाढणार नाही. घरी येऊन आठही पानं पांढऱ्यावर मांडली. गोल मांडली. मधे भोकासारखी जागा राहते. राहू दे, पुढचं पुढे. कच्चे टाके घालायला घेतले.

९ मार्च

सोलोमोना न सांगता पायरीवर अंगुस्तान आणि पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं ठेवून गेला. दुकानदाराने त्याला गंडवलंय. अंगुस्तान चांगलं पोचे पडलेलं, जुनंपुराणं. विचारलं तर म्हणतो, मी नाही आणलं. फसवला गेला हे कबूल करायला पुरुषांना जड जातं. बोटात मात्र असं बसलंय, जणू माप घेऊन केलंय.

१७ एप्रिल

दर गुरुवारी कपेका येते. "खुंटीचं भवितव्य बघायला," म्हणते. खुर्ची ओढते, माझ्या हातातून कापड घेते आणि नावं ठेवते. टाके लांब आहेत. कड आत नीट वळली नाही, सुईच्या टोकाने वळव, बोटाने नाही. दोरा एवढा लांब कशाला घेतेस, शेजारच्या बेटावर पोचवायचाय का?

आज कहर केला. दुसऱ्या पानाची कड बघून म्हणाली, "हे कधी शिवलंस?"

"गेल्या गुरुवारी. तुम्ही गेल्यावर."

"दिसतंय. रागात शिवलंयस. उसव."

"अहो, वीतभर काम आहे!"

"रागातला टाका पांघरणाऱ्याला टोचतो. उसव. आणि माझा एवढा राग येत असेल तर शुक्रवारी शिवत जा."

उसवलं. काय करणार? तिच्यासमोर दात ओठ खात उसवलं आणि ती निवांत बसून माझ्या घरची रताळी खात होती. तीन खाल्ली.

२९ मे

आज गुरुवार असून कपेका आली नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. बरंच झालं, शांतपणे काम झालं. तसं काही फार झालं नाही.

३० मे

गुडघा दुखत होता म्हणे. मी सहज रताळी घेऊन गेले होते. फाटकातूनच दिली. आत बोलावलं, पण गेले नाही. आईला काय वाटलं असतं?

१५ जून

आठही पानं बसली! प्रत्येकाच्या अंगाखांद्यावर फळं. टाके शेवटच्या पानावर पहिल्यापेक्षा निम्मे लहान झालेत, कुणीही सांगेल. पण मधली जागा माझ्या डोळ्यांत सलते. सगळ्यांच्या गोधड्यांना मधे नाळ असल्यासारखी जोड असते, माझ्या मधे काहीच नाही. म्हणून एक गोल हिरवा तुकडा कापून मधे लावला.

१९ जून

कपेका : "हे मधे भांड्याचं झाकण कशाला ठेवलंयस? आत काय शिजतंय?"

मी ओरडले. खरंच ओरडले. म्हटलं, "मग काय करू सांगा ना एकदा सरळ! तुम्हाला येतं, तुम्ही बघत बसता! झाड तुटलंय ते, दिसत नाही तुम्हाला? मधे काही नाहीये आमच्या! तुतू नाही, आई नाही, पाच जण कुठल्या कुठल्या गावांत, दोघं मातीत. काय जोडू मी?"

सोलोमोनाला अर्थातच मासे आठवले.

कपेकाने खुर्ची पुढे ओढली. मग पांढऱ्या भागावर बोट ठेवलं. "पानाच्या कडेने जा. एक बोट अंतर सोडून टाके घाल. मग त्याच्या बाहेरून आणखी एक ओळ. मग आणखी एक. लाटा जशा खडकाभोवती जातात तसं. झाकण काढ. मध्य मोकळा असला म्हणून बिघडत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट लागते."

बोलली आणि काठी टेकत गेली. पहिल्यांदाच जाताना टोमणा मारला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

२४ ऑगस्ट

दोन महिने लिहिलं नाही, कारण शिवत होते. सकाळी उठलं की गोधडी ताणायची चौकट, दुपारी चौकट. बोटांना घट्टे पडलेत. सोलोमोना स्वतः भात रांधतो आणि वर स्वतःच वाईट झालाय म्हणतो. परवा तो दमून गोधडीच्या कोपऱ्यावर बसणारच होता. मी अशी किंचाळले की शेजाऱ्यांची कोंबडी झाडावर गेली. गोधडीवर बसत नाहीत हे त्याला माहीत आहे, पण म्हातारपणी गुडघे नियम पाळत नाहीत.

आज तो छपराची गळती काढायला शिडीवर चढला होता. मी चौकटीतून सोडवून गोधडी पहिल्यांदाच ओसरीवर पूर्ण पसरली. तर वरून त्याचा आवाज, "एमालिया, वर ये."

"मला काय वेड लागलंय?"

"लागलं असलं तरी ये."

गेले. चार पायऱ्या चढले, त्याने मनगट धरलं आणि मी खाली पाहिलं.

प्रत्येक पानाभोवती मी ओळीमागून ओळ घातली होती, वळणाला वळण देत. जवळून मला फक्त पुढचा टाका दिसायचा. वरून दिसलं की या पानाच्या लाटा त्या पानाच्या लाटांना जाऊन मिळतात, त्या तिसऱ्याच्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत आठांच्या आठही लाटा एकत्र येऊन फिरतात. कुठे तुटलेलंच नाही. पानं सुटी आहेत, पण गोधडी अख्खी आहे. आणि हे मी केलंय. या घट्टे पडलेल्या हातांनी, मी केलंय!

"हे झाड आहे," सोलोमोना म्हणाला. "फक्त हिरव्यात नाही, पांढऱ्यात आहे."

लग्नाला अडतीस वर्षं झाली. एवढं शहाणं वाक्य तो पहिल्यांदा बोलला. मी शिडीवरच त्याचा मुका घेतला. शिडी हलली, ते सोडा.

११ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं.

काठाला पट्टी कशी लावायची ते अडलं. तुतूची कशी होती ते आठवेना. कपेकाचा गुडघा पुन्हा धरला होता, म्हणून गोधडी काखोटीला मारून मीच गेले. जन्मात पहिल्यांदा त्या घराचा उंबरा ओलांडला. आईची मनात माफी मागितली.

तिने पलंगाखालून पेटी काढायला लावली. पेटीत वर कापूर, खाली जुन्या वर्तमानपत्राचं भेंडोळं. उलगडलं तर आठव्या हिश्शाचा कापलेला नमुना. पान, खाच, फळ. कोपऱ्यात पेन्सिलीने तुतूचं अक्षर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "म्हणजे आई खरं बोलत होती. हे तुमच्याकडे आलं कसं?"

"तू आणलंस," कपेका म्हणाली.

"काहीतरीच!"

"दहा वर्षांची होतीस. नाक गळत होतं. दारातून म्हणालीस, तुतूने मासे पाठवलेत."

मला ते न वाकवायचं भेंडोळं आठवलं.

ती म्हणाली, "नमुना न मागता देत नाहीत, मागितला तरच देतात. तुझी आजी तीन वर्षं थांबली, लेक मागेल म्हणून. तुझी आई म्हणायची, आता असलं कोण पांघरतं. ती अननसाच्या कारखान्यात, नवे कपडे, नवी गाडी. वाईट नव्हती गं ती. घाईत होती. शेवटी मी मागितला. म्हटलं, निदान वाया जाणार नाही."

"मग आईला सांगितलं का नाही? तिने आयुष्यभर तुम्हाला चोर म्हटलं!"

"काय सांगू? की तुझी आई तुझी वाट बघत होती आणि तू विचारलं नाहीस? आई गेलेल्या मुलीला असं सांगतात? त्यापेक्षा चोर बरी."

एक्कावन्न वर्षं या बाईने आमच्या घराचं दुःख स्वतःच्या नावावर घेतलं आणि मी तिला फाटकातून रताळी दिली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, "गोधडीवर नको, डाग पडेल."

थोड्या वेळाने नाक पुसून मी म्हटलं, "आंटी, तुतूचा नमुना मला द्याल का?"

"आता मागते आहेस?"

"हो."

"बरं. आधी हातातलं संपव." आणि भेंडोळं परत पेटीत ठेवलं! मग माझं बोट धरून त्यातल्या अंगुस्तानाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या आजीचंच होतं ते. तुला बसतं नीट." दुकानदाराला मी सहा महिने उगीच शिव्या दिल्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटचा टाका दुपारी चार वाजता घातला. मग स्वतःच टाळ्या वाजवल्या, कारण दुसरं कुणी नव्हतं.

गोधडी खुंटीवर जाण्याआधी करणाऱ्याने एक रात्र पांघरायची असते. भावंडं उद्या येतायत, म्हणून आजच पांघरते. सोलोमोनाला आंघोळ केल्याशिवाय आत घेणार नाही असं बजावलंय. दोनदा करून आला.

२३ नोव्हेंबर, रविवार

चौघं आले. पाचव्याला सुट्टी मिळाली नाही, तो पलानीच्या फोनमध्ये होता. पलानीने पोपटी शर्ट घातला होता, वेगासलाही शोभला नसता असा. म्हणाला, "ताई, बटणं तपासून घेतलीयत."

तेवीस खुंट्या. बावीस लागल्या आणि मग पाद्रीबुवांनी आमच्या घराण्याचं नाव पुकारलं. आम्ही पाच जणांनी मिळून गोधडी वर चढवली. सोडली, आणि ती उलगडत खाली आली. खालपर्यंत.

आधी सगळ्यांच्या माना वर झाल्या. मग मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका उठल्या. मग सगळेच उठले. कुणीतरी गाणं धरलं आणि छप्पर उडेल असं सगळं चर्च गायला लागलं. पलानी लहान मुलासारखा रडत होता आणि फोनमधला भाऊ ओरडत होता, "अरे, कॅमेरा धर सरळ, मला छतच दिसतंय!"

पाद्रीबुवा म्हणाले, आठ पानं म्हणजे आपली आठ बेटं आणि मधला सागर, किती सुंदर कल्पना. मी मान डोलावली. बेटं माझ्या स्वप्नातही नव्हती. मग ते म्हणाले, करणाऱ्याने गोधडीचं नाव सांगावं. नाव सांगितल्याशिवाय गोधडी पुरी होत नाही.

मी म्हटलं, "एका दमात आठ नावं."

आणि मग काय अंगात आलं कोण जाणे. तुतूसारखी उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि आठही नावं घेतली. दोघं गेलेले धरून. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, मधे न थांबता. पलानीचं शेवटी आलं. बासष्टाव्या वर्षीही तो चिडला. खुंटी आमची आहे. आता ती कुणाच्या बापाला मिळत नाही.

जेवणाच्या वेळी पाद्रीबुवा हळूच म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. खुंटी द्यायचं कधी ठरलंच नव्हतं. कपेकाआंटीने मला गप्प राहायला सांगितलं होतं." मी म्हटलं, मला केव्हाच कळलं होतं. खोटं बोलले. देवाच्या अंगणात, पण चालायचंच.

२४ नोव्हेंबर

सकाळी आठ वाजता कपेका फाटकापाशी. काखेत वर्तमानपत्राचं भेंडोळं. ओसरीवर बसली, ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुझं. मागितलं होतंस."

मी ते छातीशी धरलं. मासे नव्हते, तरी वास घेतला.

मला वाटलं आता ती उठेल. पण ती काठीच्या मुठीवर हात चोळत बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "एमालिया, तुझा नमुना मला देशील?"

"कुठला नमुना?"

"कालचा. आठ पानांचा. साठ वर्षं गोधड्या करतेय, असा नाही पाहिला. म्हातारीच्या हातून आणखी एक होईल, असं वाटतंय." आणि मग वर बघितलं. "मी मागतेय."

अख्ख्या किनाऱ्याला शिकवलेली बाई, त्र्याऐंशी वर्षांची, आणि ती माझ्याकडे मागत होती. मी ठरवलं की आज रडायचं नाही. आत जाऊन एक चादर आणली, टेबलावर टाकली आणि खुर्ची ओढून दिली.

"देते," मी म्हटलं. "पण घडी शिकावी लागेल. नीट बघा. घडीची बाजू पलीकडे, मोकळी कड आपल्याकडे."

तिने हात पुढे केले आणि घडी घातली. सवयीने, सुलटी.

"चुकलं," मी म्हटलं. "उलगडा."